रिकाम्या घराची बेल

ताई, तुमचा डबा परवा उघडला. मायनस ट्वेंटीच्या फ्रीझरमधला, वरच्या कप्प्यातला, झाकणावर 'सुलभा. विचारल्याशिवाय हात लावू नये' असं लिहिलेला. तुम्ही निवृत्त होऊन वर्ष झालं तरी कुणी हात लावला नव्हता, आणि तुम्ही गेल्यावर तर लोक त्या कप्प्याकडे बघायचंही टाळत होते. शेवटी मीच काढला. आत नेहमीसारख्या बोटाच्या पेराएवढ्या नळ्या, ओळीत. प्रत्येकीवर अँटीबॉडीचं नाव, लॉटचा नंबर, आणि जितक्या वेळा वापरली तितक्या काळ्या टिक. कोपऱ्यात एक नळी वेगळी होती. तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: वापरू नये. टाकू नये.

बघताक्षणी कळलं मला कुठली ते. सहा वर्षं तुम्ही ती तिथे सांभाळलीत, मला एका शब्दानं न सांगता, आणि मी रोज त्याच फ्रीझरमध्ये हात घालत राहिले. राग आला तुमचा. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, तुमच्या शोकसभेत सगळे तेच करत होते आणि त्यात मीही होते. पण तुमचंच म्हणणं होतं की वहीत जे झालं ते लिहायचं, जे व्हायला हवं होतं ते नाही. तर आज तसंच लिहिते.

आपलं काम तुम्ही माझ्या आईला एकदा समजावून सांगितलं होतंत, ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. आई डोंबिवलीजवळच्या कोपरहून मला डबा द्यायला आली होती आणि तुम्ही तिला स्टुलावर बसवलंत. म्हणालात, "पेशी म्हणजे एक घर समजा. घरात कचरा साठतो. चांगली पेशी आपला कचरा आपणच गिळून टाकते, बाहेर कुणाला बोलावत नाही. कचरा गोळा करणारं एक प्रथिन असतं, पी-सिक्स्टी-टू त्याचं नाव. कचऱ्याबरोबर तेही गिळलं जातं. म्हणून ते कमी झालेलं दिसलं की समजायचं, घर झाडलं जातंय." आईनं विचारलं, ते एवढंसं दिसतं कसं? "दिसत नाही. म्हणून तर अँटीबॉडी. ती हजार प्रथिनांतून नेमकी त्याच्यापाशी जाऊन चिकटते, आणि आम्हाला त्या जागी काळी रेघ दिसते."

"म्हणजे खबऱ्या," आई म्हणाली.

तुम्ही किती हसलात! "खबऱ्याच. आणि खबरे खोटं पण बोलतात हो."

म्हणून तुमचा तो नियम होता. अँटीबॉडीची नवी नळी आली की पहिल्यांदा रिकाम्या घराची बेल वाजवायची. ज्या पेशींतून पी-सिक्स्टी-टू मुळातच काढून टाकलंय, अशा पेशी तुम्ही कुठून कुठून ओळखी काढून मागवल्या होत्या आणि जिवापाड जपल्या होत्या. नवी अँटीबॉडी आधी त्यांच्यावर लावून बघायची. घरात माणूसच नाही, तर रेघ उमटता कामा नये. "आतून कुणी 'ओ' दिली," तुम्ही म्हणायचात, "तर ती नळी बाजूला ठेवायची. भलत्याच कुणालातरी ओळखतेय ती." कंपनी तीच, नाव तेच, डबी तीच, तरी लॉट बदलला की बेल पुन्हा वाजवायची. मोठमोठ्या संस्थांत हे करत नाहीत, असं माझे गाईड, आपले सर, म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, त्यांचं त्यांच्यापाशी.

मी तुमच्याकडे आले तेव्हा मला पिपेटसुद्धा धरता येत नव्हती. वडील डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत, घरातली मी पहिली एम.एस्सी., आणि पाठ केलेलं सगळं तोंडावर. हातात काही नाही. तुम्ही वर्तकनगरला भावाच्या संसारात राहणाऱ्या, स्वतःची एम.एस्सी. अर्धी टाकून प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागलेल्या. तीस वर्षांत तिथून जितक्या पीएच.डी. बाहेर पडल्या, त्या सगळ्यांचे ब्लॉट, म्हणजे त्या काळ्या रेघांचे पट्टे, तुमच्या हातचे. "हात आहे की पळी?" हे तुम्ही मला पहिल्या महिन्यात किती वेळा म्हणालात ते मोजलं नाही. ज्यावर रेघा उमटतात ते मेम्ब्रेन दुधात भिजवायला दुधाची पावडर लागते, म्हणजे अँटीबॉडी भलतीकडे चिकटत नाही. त्या पावडरीच्या डब्यावर तुम्ही 'चहाला नाही' असं लिहून ठेवलं होतं. मी पहिल्याच आठवड्यात त्यातला चहा करून सरांच्या पाहुण्यांना पाजला. तुम्ही दार लावून घेतलंत आणि स्टुलावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. ताई, माझ्या हातात जे काही आहे ते तुमचं आहे. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं लिहिताना ते मला सुचणार नाही.

येऊरच्या बाजूला मिळणाऱ्या एका वेलीचा अर्क घेऊन आपण काम करत होतो. यकृताच्या पेशींना तो दिला की त्या कचरा जास्त गिळतात का, एवढाच प्रश्न. दोन वर्षं काहीच दिसलं नाही. मग जुनी नळी संपली, नवी आली, आणि अचानक दिसायला लागलं. अर्क दिला की रेघ फिकी. जास्त दिला की आणखी फिकी. सर खूश, मी खूश. बेल वाजवायची राहिली आहे, असं तुम्ही दोनदा म्हणालात. सर म्हणाले, "सुलभाबाई, कंपनी तीच आहे ना? मागच्या लॉटला केलं होतं ना? कशाला वेळ घालवता." आणि मी मान डोलावली. पेपर लिहिला, पाठवला, दुरुस्त्या होऊन परत आला, मान्य व्हायच्या बेतात होता.

तेव्हा तुम्ही मला हाक मारलीत. दुपारची वेळ होती, चहा नुकताच आला होता.

"वैशाली, जरा इकडे ये."

स्क्रीनवर दोन पट्टे. डावीकडे साध्या पेशी, उजवीकडे रिकामं घर. रेघ दोन्हीकडे होती, सारखीच ठसठशीत.

"बेल वाजवली मी," तुम्ही म्हणालात. "आतून ओ आली."

"ताई, लोड करताना मिक्स झालं असेल."

"तीनदा केलंय. सोमवारी, बुधवारी आणि आज."

"मग जुन्या लॉटने करून बघा ना."

"जुना संपला. आणि जुन्यानं फरक पडत नव्हता, आठवतंय ना तुला? ही नळी दुसऱ्याच कुणालातरी धरतेय. त्या वेलीनं काहीतरी कमी होतंय खरं, पण ते पी-सिक्स्टी-टू नाही. वैशाली, ही रेघ खोटी आहे."

"ताई, प्लीज यार. थिसिस जमा करायला पंधरा दिवस राहिलेत. सरांनी ओके केलेलं आहे सगळं."

"सरांनी ब्लॉट केलेला नाही. मी केलाय."

पुढे तुम्ही शांतपणे सांगत होतात की सहा महिने लागतील, फार तर आठ, दुसऱ्या कंपनीची अँटीबॉडी मागवू, एक प्रकरण नव्यानं लिहू. मला त्यातलं सहा महिने एवढंच ऐकू आलं. कोपरच्या बुद्धविहारात माझ्या सत्काराची बोलणी चालू होती. वडील कंपनीतल्या प्रत्येकाला सांगून बसले होते. कॉलेजात प्राध्यापकाची जागा निघाली होती, आणि ती पुन्हा कधी निघेल ते कुणालाच माहीत नव्हतं. मी म्हणाले, "तुम्हाला आमच्यातली कोणी डॉक्टर झालेली बघवत नाही, असं सरळ सांगा ना."

तुम्ही रागावला नाहीत. हात ओले होते, ते पदराला पुसलेत. तुम्ही कधी पदराला हात पुसत नव्हतात. "बरं," म्हणालात, आणि नळी उचलून आत गेलात. ती तुम्ही फ्रीझरमध्ये ठेवायला नेलीत की टाकायला, हे मी पाहिलं नाही. ते परवा कळलं.

त्यानंतरच्या आठवड्यात मी लेखकांच्या यादीत तुमचं नाव घातलं. तिसरं. तुमच्या उभ्या आयुष्यात कुणी घातलं नव्हतं, शेवटी आभारांत 'तांत्रिक साहाय्य' एवढं मिळायचं आणि त्यातही कधी कधी नाव नसायचं. सरांनी भुवया वर केल्या, पण हरकत घेतली नाही. मजकुराची जबाबदारी मला मान्य आहे, असं प्रत्येक लेखकानं सही करून द्यायचं असतं. तो कागद मी तुमच्यापुढे ठेवला. मी काय करत होते ते तुम्हाला कळत होतं आणि तुम्हाला कळतंय हे मला कळत होतं. वाटलं, फाडाल. मला खरंच वाटलं होतं, ताई, आणि मनातून कुठेतरी हवंही होतं. तुम्ही चष्मा लावलात, कागद शेवटपर्यंत वाचलात आणि विचारलंत, "किती दिवसांत छापून येईल?"

सहा वर्षं तो प्रश्न मला छळतोय. माझ्या वाक्यानं तुमचं तोंड बंद झालं म्हणून सही केलीत? पुन्हा 'नाही' म्हणालात तर मी म्हणते तेच खरं ठरेल, असं वाटलं? की माझी नोकरी हुकू नये म्हणून? की एकदा, फक्त एकदा, आपलं नाव छापलेलं बघावं असं वाटलं तुम्हाला? हे शेवटचं असेल तर मी तुम्हाला दोष देऊ शकत नाही. पण देते. तुम्ही अडवलं असतंत तर मी थांबले असते, असं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते मला खरंच वाटायला लागलंय. खोट्या गोष्टीचं असंच असतं, रोज बघितली की सवय होते.

सत्काराला तुम्ही आलात. मी बोलावलं होतं ते उपचार म्हणून. तुम्ही रिक्षा शोधत शोधत एकट्या आलात, बायकांत सतरंजीवर बसलात, सगळ्यांबरोबर जेवलात, आईशी बराच वेळ बोललात. मला स्पिरिटनं न पुसल्या जाणाऱ्या मार्करचा खोका दिलात. माझं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या वाजवल्यात. मी स्टेजवरून बघत होते. तुम्ही मनापासून वाजवत होतात, त्यात खोट नव्हती, आणि त्यामुळेच मला तुमच्याकडे बघवेना.

मला कॉलेजात जागा मिळाली आणि तुम्ही मला 'मॅडम' म्हणायला लागलात. मी म्हटलं, "ताई, काय हे?" तुम्ही म्हणालात, "पद्धत आहे ती." पाच वर्षं आपण एकाच खोलीत काम केलं. तुम्ही माझ्या विद्यार्थ्यांना शिकवलंत, त्यांनाही 'हात आहे की पळी' म्हणालात, मला मात्र पुन्हा कधी म्हणाला नाहीत. त्या रेघेचा विषय तुम्ही काढला नाहीत. मीही काढला नाही. त्या पेपरच्या आधारानं कुणी काही पुढचं केल्याचं कळलं की सर पेढे आणायचे. तुम्ही पेढा घ्यायचात आणि खिडकीपाशी जाऊन खायचात.

मग या वर्षी अक्षता आली. माझी विद्यार्थिनी, कल्याणची, कामाला वाघ. तिला मी तेच काम पुढे न्यायला दिलं. का दिलं, विचारू नका. दुसरा विषय दिला असता तर का बदलला हे सांगावं लागलं असतं. तिनं त्यानंतर आलेल्या, वेगळ्या लॉटनं ब्लॉट केले आणि वेलीच्या अर्कानं काही होईना. होणारच नव्हतं. पाच महिने ती पोरगी तेच तेच करत होती. एकदा मेम्ब्रेन हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "मॅम, तुमचं एवढं क्लीन आलेलं. माझे हातच खराब आहेत बहुतेक. मी सोडून देऊ का?" आणि मी तिला काय म्हणाले माहितीये? "परत कर."

तिनं तुम्हाला फोन केला, मला न विचारता. तुम्ही तिला काही सांगितलं नाहीत, फक्त "मी वैशालीशी बोलते" म्हणालात. हे तिनं मला नंतर सांगितलं. मंगळवारी तुमचा फोन आला. मी उत्तरपत्रिका तपासत होते, उचलला नाही. बुधवारी आला तेव्हा मी काहीच करत नव्हते. नाव दिसलं आणि मी फोन पालथा घातला. तुम्ही काय बोलणार ते मला ठाऊक होतं. शुक्रवारी सकाळी तुमच्याच नंबरावरून पुन्हा आला. तोही मी उचलला नाही. तो तुमच्या भावाचा होता.

वर्तकनगरच्या तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. तुमच्या घराच्या इतक्या जवळ मी पहिल्यांदाच आले. तुम्ही कधी बोलावलं नव्हतंत आणि मी कधी विचारलं नव्हतं, हेही जे झालं त्यातलंच, म्हणून लिहिते. विनायकरावांनी, तुमच्या भावानं, आपल्या पेपरच्या पहिल्या पानाच्या प्रती काढून आणल्या होत्या आणि येईल त्याच्या हातात देत होते. तुमच्या नावाखाली पेन्सिलीनं बारीक रेघ मारलेली. "आमची सुलू," ते म्हणाले, "कधी स्वतःबद्दल बोलली नाही. पण हे जगभर वाचलं गेलंय." मग मला बोलायला उभं केलं. मी म्हणाले, ताईंच्या हातात जादू होती. तुम्हाला हा शब्द किती खटकायचा! जादू वाटली की प्रयोग पुन्हा करा, म्हणायचात. लोकांनी डोळे पुसले. मी ती प्रत घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि बस पकडली.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "एवढी का रडतेस गं? भांडलेलीस का तिच्याशी?" मी तिला सगळं सांगितलं. त्या दुपारचं वाक्यही. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आईनं मला आधी पाणी दिलं. मग म्हणाली, "आपल्यात येऊन बसलेली ती बाई. तुला तसं कोण बोललं नाही का कधी, कॉलेजात? ऑफिसातला तो? तुझे सर?"

"बोलले ना."

"त्यांना काय बोललीस?"

फॉर्म भरताना 'तुमचं काय, सगळं आयतं' म्हणणारा क्लार्क, पाहुण्यांना माझी ओळख 'त्यांच्यातली असून हुशार' अशी करून देणारे सर, यांच्यापुढे माझी जीभ कधी उचलली नव्हती.

"ज्याला बोलायचं त्याला नाही बोललीस," आई म्हणाली. "जी ऐकून घेईल तिला बोललीस." आणि उठून भाकऱ्या करायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी अक्षताला बसवून सांगितलं की तिचे हात चांगले आहेत, माझा पेपर चुकीचा आहे. मला वाटलं, रडेल, सुटकेनं हसेल, काहीतरी. ती म्हणाली, "मॅम, पाच महिने." एवढंच. तुमच्यासारखं 'बरं' तरी म्हणायला हवं होतं तिनं. त्यानंतर मी तुमचा डबा उघडला.

सरांकडे गेले. ते निवृत्त झालेत, पण संशोधन केंद्रात त्यांची खुर्ची आहे अजून. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "अगं, जुनं झालं ते. कोण वाचतंय आता? उकरून काढशील तर तुझ्या पीएच.डी.वर येईल. नोकरीवर येईल." मी म्हटलं, येऊ दे. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि त्या बिचाऱ्या सुलभाबाई. आयुष्यात एक पेपर त्यांचा. नुकत्या गेल्यात गं. त्यांच्या नावाला कशाला डाग?" तीस वर्षांत त्या माणसाला तुमच्या नावाची आठवण पहिल्यांदा झाली, ताई, आणि तीही ते नाव पुढे धरून मागे लपायला. मला हसू आलं. मग लक्षात आलं की पाच दिवस मीही स्वतःला हेच सांगत होते. पेपर मागे घेतला तर तुमचं एकमेव नाव जाईल, म्हणून नको. कारण किती चांगलं होतं! मला काही करावं लागत नव्हतं आणि वर तुमच्यावर उपकारही होत होता.

पण विनायकरावांना न सांगता पाठवणं मला जमेना. काल सकाळी गेले. त्यांनी मला तुमच्या खोलीत बसवलं. ते आतापर्यंत मला मॅडम म्हणत होते. मी बोलत गेले तसे ते समोरच्या पलंगावर हळूहळू टेकले.

"म्हणजे ते सगळं चूक आहे?"

"हो."

"सुलूला माहीत होतं?"

नाही म्हणता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. त्यांना बरं वाटलं असतं, तुमचं नाव स्वच्छ राहिलं असतं, आणि आणखी एक खोटी रेघ उमटली असती.

"हो," मी म्हटलं. "त्यांनीच शोधून काढलं होतं. छापायच्या आधी."

"मग तिनं सही का केली?"

मी त्यांना ते वाक्य सांगितलं. जसं बोलले होते तसं, एक शब्दही न बदलता. वहिनी चहा घेऊन दारात आल्या होत्या, त्या तशाच मागे फिरल्या. विनायकराव म्हणाले, "ती खोटं बोलायची नाही. लहानपणी आम्ही तिला 'पोलीस' म्हणायचो. आयुष्यात एकदा बोलली असेल, तर ते तुझ्यासाठी. आणि तू ते आता छापून आणणार."

मी उठले. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "मला नको. मला काय बोलली आहेस तू?" मग दाराशी येऊन म्हणाले, "पाठव. तिला आवडेल. मला नाही आवडणार, पण माझा काय संबंध. आणि इथे पुन्हा येऊ नकोस."

ते मला तू म्हणत होते, हे मला रिक्षात बसल्यावर लक्षात आलं.

दुपारी फॉर्म भरला. पेपर मागे घ्यायचा तर नियतकालिकाच्या संकेतस्थळावर एक फॉर्म असतो. प्रत्येक लेखकाच्या नावापुढे विचारतात, सहमत की असहमत. माझ्यापुढे सहमत. सरांनी फोनवर सांगितलं, असहमत, आणि माझं नाव पुन्हा तोंडात घेऊ नकोस. तुमच्या नावापुढे 'दिवंगत' निवडलं, तर पुढचा प्रश्नच गळाला. गेलेल्या माणसाचं मत त्यांना लागत नाही. मी एकदा मागे जाऊन पुन्हा भरलं, पुन्हा तेच. खाली अधिक माहितीसाठी मोकळी जागा होती. तिथे लिहिलं की पेपरात वापरलेल्या लॉटची अँटीबॉडी पी-सिक्स्टी-टूला ओळखत नव्हती. ही चूक सुलभाताईंनी छापण्याआधी तीन वेळा तपासून दाखवली होती. ती नळी अजून जपून ठेवलेली आहे, हवी असल्यास कुणीही तपासावी. आणि मग लिहिलं, 'पहिल्या लेखिकेने त्यांचं ऐकलं नाही.'

ते वाचून बघितलं आणि खोडलं. ऐकलं होतं, ताई. तेव्हाच ऐकलं होतं, शब्दन् शब्द कळलं होतं. त्या जागी लिहिलं, 'पहिल्या लेखिकेने त्यांना गप्प केलं,' आणि पाठवून दिलं.